रात्री आपोआप जागा होणारा कॉम्प्युटर
(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. आगाशीच्या बाजूला आमचा एक गट आहे, त्याच्या सचिव वहिनींचा सकाळी सात वाजता फोन आला. एवढ्या सकाळी गटातून फोन आला की माझ्या पोटात गोळाच येतो. कोणी आजारी तरी असतं, नाहीतर हप्ता तरी चुकलेला असतो. वहिनी म्हणाल्या, "ताई, गटाचा कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू होतो. सासूबाई म्हणतात घरात काहीतरी आहे. आमचे हे म्हणतात, पोरगीच उठून बसते. तुम्ही एकदा येऊन जा हो."

आधी त्या कॉम्प्युटरबद्दल सांगते. गटाने तो जुना घेतला होता. अंधेरीच्या एका ऑफिसात नवीन मशीन आली, जुनी विकायला काढली, त्यातला हा एक. वहिनींच्या घरी बाहेरच्या खोलीत टेबलावर असतो आणि इंटरनेटच्या डबीला, म्हणजे राउटरला, वायरीने जोडलेला आहे. गटाची बचत, अंतर्गत कर्ज, कोणाचा किती हप्ता आला, सगळं त्यात. बँकेतलं गटाचं खातंही त्यावरच बघतात. पंचसूत्रीत आपण नियमित हिशेब म्हणतो ना, तो या घरात त्या डब्यात आहे. म्हणून प्रश्न एका घराचा राहिला नव्हता. बैठकीत दोघीतिघींनी विचारलं होतं, "रात्री कोणी आपले पैसे तर बघत नाही ना?" एकीने तर वही आणि कॉम्प्युटर दुसऱ्या घरी हलवा असंही सुचवलं होतं. वहिनींना ते फार लागलं होतं.

आता घरात काय होत होतं ते ऐका. आजी बाहेरच्या खोलीत झोपतात. मध्यरात्रीनंतर कधीतरी डब्यातला पंखा घर्र करून फिरायला लागायचा, पुढचा निळा दिवा लागायचा. पण पडदा काळाच. थोड्या वेळाने सगळं पुन्हा शांत. सकाळी बघावं तर कॉम्प्युटर रात्री ठेवला तसाच. आजी सांगायच्या, कोणी विश्वास ठेवायचं नाही. मग एका रात्री वहिनींच्या मालकांनी स्वतः ऐकलं. ते उठून बाहेर आले, पंखा चालू, पडदा काळा. त्यांनी सरळ हिशेब लावला, की पोरगी बसली होती, पावलं ऐकून पडदा बंद केला आणि पळाली. मुलगी बारावीला. तिचा मोबाईल काढून घेतला. ती रडली, शपथा घेतल्या आणि शेवटी वडिलांशी बोलणंच तिने बंद केलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो म्हणाला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून पुन्हा कोरी पाटी. गटाचा दोन वर्षांचा हिशेब त्यात, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. वहिनींनी तेवढी हुशारी केली, त्याला थांबवलं आणि मला फोन लावला.

मी काही इंजिनीअर नाही. बी.ए. झालेली बाई, एमएस-सीआयटी केलेली, बाकी काम करता करता शिकलेली. पण हिशेब जुळत नसला की काय करायचं ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. कोणावर संशय घ्यायच्या आधी एकेक नोंद तपासायची. मी तेच करायचं ठरवलं.

गेल्यावर पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, रात्री तुम्ही कॉम्प्युटर बंद कसा करता?" त्या म्हणाल्या, "डब्यावरचं बटण एकदा दाबते. पडदा काळा होतो, पंखा थांबतो." इथे पहिली गाठ सुटली. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते बटण दाबलं की तो बंद होत नव्हता, झोपत होता. इंग्रजीत त्याला स्लीप म्हणतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण फरक मोठा आहे. बंद म्हणजे काम आवरून दुकानाला कुलूप. झोप म्हणजे शटर अर्धं ओढून दुकानदार आत लवंडलेला. कोणी हाक मारली की उठेल.

आणि हाक मारायची सोय कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम केलेली असते. आपलंच बघा ना. आई दमून झोपली की बाहेर वरातीचे ढोल वाजले तरी तिला जाग येत नाही. पण पाळण्यातलं पोर जरा कुरकुरलं की ती ताडकन उठते. सगळं अंग झोपलेलं, एक कान जागा. कॉम्प्युटरमध्ये तो जागा कान म्हणजे नेटवर्क कार्ड. इंटरनेटची वायर जिथे खुपसतात तो भाग. बाकी सगळं झोपलं तरी त्याला थोडी वीज मिळत राहते. कॉम्प्युटर बंद असताना मागे वायरीपाशी छोटा हिरवा किंवा पिवळा दिवा मिणमिणताना दिसला, तर समजा कान जागा आहे.

ही सोय ऑफिसांसाठी निघाली. मोठ्या ऑफिसात शंभर-दोनशे कॉम्प्युटर असतात. त्यांची देखभाल रात्री करायची तर प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण कोण दाबणार? म्हणून दूर बसून, वायरीतून हाक मारून कॉम्प्युटर उठवायची युक्ती १९९५ ते १९९७ या काळात तयार झाली. एएमडी, आयबीएम आणि इंटेल या कंपन्यांचा त्यात हात होता. तिला ‘वेक ऑन लॅन’ म्हणतात. लॅन म्हणजे घरातलं किंवा ऑफिसातलं आपसातलं जाळं.

ती हाक कशी असते तेही गमतीचं आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक स्वतःचा नंबर मिळतो, १२ अक्षर-आकड्यांचा. हाकेत आधी एक ठरलेली खूण असते आणि मग तोच नंबर लागोपाठ १६ वेळा. आपले सोळा सोमवार, तसं ते सोळा वेळा नाव घेणं. चुकून दुसरा कोणी उठू नये म्हणून एवढा बंदोबस्त. या हाकेला ‘मॅजिक पॅकेट’ असं नाव आहे.

पण बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये दुसरीही सवय असते. सोळा वेळा नाव घेतलं नाही तरी चालतं. जाळ्यातल्या कोणी त्या कॉम्प्युटरशी साधं बोलायचा प्रयत्न केला, त्यातली फाईल मागितली, तरी तो उठतो. याला ‘पॅटर्न मॅच’ म्हणतात. आणि असा वायरीतून उठवला तर तो पडदा लावत नाही, कारण समोर माणूस नाही हे त्याला कळतं. हाक मारणाऱ्याचं काम उरकलं की थोड्या वेळाने आपला आपण पुन्हा झोपतो. पंखा चालू, पडदा काळा, मग शांत. आजी जे सांगत होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

आता माझी चूक सांगते, लपवत नाही. कॉम्प्युटरला शेवटचं कोणी उठवलं ते विचारता येतं. स्टार्टच्या शेजारी शोधायच्या जागेत सी एम डी लिहून एन्टर मारायचं. काळी खिडकी उघडते. तिथे लिहायचं पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ, आणि तिला चिकटून एल ए एस टी डब्ल्यू ए के ई. पुन्हा एन्टर. मी हे सकाळी नऊ वाजता केलं. उत्तर आलं, पॉवर बटण. मुलीचे वडील लगेच म्हणाले, "बघा! बटण कोणीतरी दाबलंच ना?" माझाही चेहरा पडला. तेवढ्यात दाराआडून मुलगी म्हणाली, "मावशी, ते बटण आत्ता तुमच्यासमोर आईने दाबलं."

खरंच की. मी विचारलं होतं शेवटचं कोणी उठवलं, आणि शेवटचं वहिनींनीच उठवलं होतं, मला दाखवायला. रात्रीचं उत्तर त्याच्याखाली दबून गेलं होतं. त्या पोरीने टोकलं नसतं तर मी तिच्यावर कायमचा शिक्का मारून आले असते. म्हणून सांगते, ही आज्ञा पंखा चालू असतानाच, त्याच वेळी द्यायची. सकाळी दिली तर ती दिशाभूल करते.

मग मागच्या रात्रींचं काय? त्यासाठी कॉम्प्युटर स्वतः डायरी लिहितो. शोधायच्या जागेत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ लिहायचं. ते उघडलं की डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टिम’. खूप मोठी यादी येते, घाबरायचं नाही. त्यात ‘सोर्स’च्या रकान्यात ‘पॉवर-ट्रबलशूटर’ असं लिहिलेल्या ओळी शोधायच्या. तशा प्रत्येक ओळीत कॉम्प्युटर किती वाजता झोपला, किती वाजता उठला आणि ‘वेक सोर्स’, म्हणजे कोणी उठवलं, ते असतं. आम्ही वही घेऊन बसलो. रात्री पावणेएकच्या आगेमागे रोज एक नोंद, आणि उठवणारा रोज एकच. नेटवर्क कार्ड. बटणही नाही, कीबोर्डही नाही.

तेवढ्यात आजी उठल्या आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. ज्या ज्या रात्री आवाज आला त्या तारखेवर त्यांनी पेन्सिलीने फुली मारली होती. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण नोंद ठेवायची अक्कल आमच्या सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या फुल्या आणि कॉम्प्युटरची डायरी समोरासमोर ठेवल्या. एखादी रात्र आजींना गाढ झोप लागलेली, तेवढी सोडली तर सगळं जुळलं. आणि दोन्हीकडे शुक्रवारच्या रात्री कोऱ्या होत्या.

भुताला शुक्रवारची सुट्टी असते का? सुट्टी माणसाला असते. वहिनींचे धाकटे दीर वालीवला कारखान्यात आहेत. दिवाळीनंतर त्यांना दुसरी पाळी लागली. रात्री बारा वाजता सुटायचं, मोटारसायकलने पाऊण तासात घरी. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी.

त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी कॉम्प्युटरला हात पण लावत नाही." तेही खरंच होतं. पण दिवाळीत त्यांचा मोबाईल फोटोंनी भरला होता, तेव्हा पुतणीनेच त्यात एक ॲप टाकून दिलं होतं. मोबाईल घरच्या वायफायला लागला की नवीन फोटो आपोआप कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसायचे. काका रात्री दाराशी यायचे, खिशातला मोबाईल वायफाय पकडायचा आणि झोपलेल्या कॉम्प्युटरला म्हणायचा, उठ, फोटो घे. कॉम्प्युटर उठायचा, फोटो घ्यायचा, झोपायचा. काका तोवर पाय धुऊन जेवायला बसलेले असायचे. मुलीने काकांचं भलं केलं होतं आणि त्याचाच आळ तिच्यावर आला होता.

तरी मी म्हटलं, पडताळा करू. त्या रात्री काकांनी घरात शिरण्याआधी मोबाईलचं वायफाय बंद केलं. कॉम्प्युटर उठला नाही. दुसऱ्या रात्री चालू ठेवलं. पावणेएकला घर्र. यावेळी सगळं घर जागं होतं, आणि वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तेव्हा मुलगी त्यांच्या शेजारीच उभी होती.

दुरुस्ती दोन मिनिटांची निघाली. स्टार्टच्या बटणावर माउसचं उजवं बटण दाबायचं, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडायचं. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली कार्डाचं नाव दिसतं, त्यावर दोनदा टिचकी. वर ‘पॉवर मॅनेजमेंट’ नावाचं पान असतं. तिथे ‘अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ या ओळीसमोरची बरोबरची खूण काढायची आणि ओके म्हणायचं. झालं. घरी दूरून कॉम्प्युटर उठवायची गरज कोणाला असते? विंडोजचं मोठं अपडेट आलं की ही खूण कधीकधी परत येते, म्हणून आवाज पुन्हा आला तर आधी हेच पान बघा. काही नव्या लॅपटॉपवर हे पानच दिसत नाही. तिथे रात्री लॅपटॉप पूर्ण बंद करणं हा सोपा उपाय.

आता तुमच्याकडे असं झालं तर क्रमाने काय करायचं ते सांगते. वही-पेन घ्या.

पहिलं, आठ दिवस तारीख आणि वेळ लिहा. त्या वेळी घरात काय झालं तेही लिहा. कोण आलं, लाईट गेली होती का, टीव्ही लावला का.

दुसरं, इंटरनेटची वायर रात्री काढून ठेवा. वायर नसेल, वायफाय असेल, तर राउटर बंद करा. असं तीन रात्री करा. कॉम्प्युटर शांत राहिला तर हाक जाळ्यातून येते. मग मोबाईल, टीव्ही, प्रिंटर एकेक करून बंद ठेवून बघा. एका रात्री एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही, जसं चार डॉक्टरांची औषधं एकदम घेतल्यावर होतं.

तिसरं, वायर काढूनही उठत असेल तर जाळं निर्दोष. मग बाकीची कारणं बघा. आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण लाईट. पावसाळ्यात आपली लाईट किती वेळा जाते-येते, ते सांगायला नको. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हाचे दिवस आठवा. काही कॉम्प्युटरमध्ये अशी आज्ञा असते, की वीज गेली आणि परत आली की आपण होऊन सुरू व्हायचं. तुमच्या नोंदीत लाईट आल्याची वेळ आणि कॉम्प्युटर सुरू झाल्याची वेळ एक असेल, तर कारण हेच. दुसरं कारण अपडेटची घड्याळं. विंडोज ठरावीक वेळी स्वतः उठून स्वतःची डागडुजी करतं.  तिसरं कारण टेबलावरून गेलेलं मांजर किंवा उंदीर. माउस हलला की झोपलेला कॉम्प्युटर उठतो. हसू नका, पारोळच्या बाजूच्या एका गटात हेच निघालं होतं.

लाईटची आज्ञा किंवा वेक ऑन लॅन मुळापासून बंद करायचं तर कॉम्प्युटर सुरू होतानाच डिलीट किंवा एफ-टू दाबून ‘बायोस’ नावाच्या जागी जावं लागतं. तिथे जाणती व्यक्ती बरोबर घ्या, आधीचं पान मोबाईलने फोटो काढून ठेवा आणि फक्त हवी तीच ओळ बदला.

रात्री कॉम्प्युटर खरंच बंद करायचा असेल तर शिफ्टचं बटण दाबून धरून ‘शट डाउन’ म्हणा. पंखा थांबू द्या आणि मगच भिंतीवरचं बटण बंद करा. उलट क्रमाने केलं तर उघडी असलेली हिशेबाची फाईल खराब होऊ शकते.

आता बैठकीत आलेला प्रश्न. रात्री कोणी आपले पैसे बघतं का? कॉम्प्युटर उठणं आणि कोणी आत शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाक मारून दार उघडत नाही, पासवर्ड लागतोच. आणि घरचा राउटर बाहेरून आलेली अशी हाक साधारणपणे आत सोडत नाही. पण बेफिकीर राहायचं असंही नाही. रयुक नावाच्या खंडणीखोर व्हायरसने परदेशातल्या ऑफिसांत एका कॉम्प्युटरमध्ये शिरून बाकीचे झोपलेले कॉम्प्युटर याच युक्तीने उठवले होते. म्हणून तीन गोष्टी करा. वायफायचा पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने टाकलेला तोच ठेवू नका, आणि सगळ्या आळीला देऊ नका. कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवा. आणि फोनवर कोणी, बँकेतून बोलतोय, एक ॲप टाका, असं म्हणालं तर टाकू नका. दूरून कॉम्प्युटर किंवा मोबाईल चालवायच्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं. पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना दिसला, न केलेला व्यवहार दिसला, तर वायर खेचा, बँकेला कळवा आणि १९३० या नंबरवर फोन लावा. तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन अध्यक्षांच्या घरी ठेवा, दर बैठकीनंतर. कागदाची वही सोडू नका. त्या दिवशी वहिनींनी फॉरमॅटला हो म्हटलं असतं, तर बारा बायकांचा दोन वर्षांचा घाम गेला असता.

पुढच्या बैठकीत वहिनींनी सगळ्यांसमोर डायरीचं पान उघडून दाखवलं. वही आणि कॉम्प्युटर त्यांच्याच घरी राहिला. ज्या ताईने हलवायचं सुचवलं होतं तिनेच चहा ठेवला.

मुलीचा मोबाईल परत मिळाला. वडील तोंडाने काही बोलले नाहीत, आपल्याकडचे पुरुष सहज चुकलो म्हणत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आगाशीच्या बाजारातून तिच्या आवडीचे बोंबील घेऊन आले. मुलगी ते बघून म्हणाली, "पप्पा, पुढच्या वेळी आधी मला विचारा." त्यांनी मान हलवली. कालनिर्णयचं ते पान आजींनी अजून फाडलेलं नाही.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर गटाच्या बैठकीत बोला, नोंद लिहून आणा, आपण मिळून बघू. पुढच्या वेळी पेन ड्राइव्हवर प्रत कशी घ्यायची ते सांगेन.